पहिला तोटा कोणाच्या अंगावर?

गेल्या महिन्यात आमच्या लातुरातल्या एका महाविद्यालयात नवउद्योजकांचा मेळावा झाला. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर भेगाळलेली जमीन, भेगेतून वर आलेलं हिरवं रोप आणि ठळक अक्षरांत ‘संकट हेच भांडवल’. पाहुणे पुण्याहून आलेले, मूळचे इकडचेच. वडील लवकर गेले, आईनं लोकांचे कपडे शिवले, वसतिगृहात पाणी पिऊन झोपलो, पहिली कंपनी दोन वर्षांत बंद पडली, आणि आज माझ्याकडे दीडशे माणसं कामाला आहेत, असं त्यांचं भाषण. माणूस मनापासून बोलला; खोटं मला त्यात काही दिसलं नाही. पुढे ते भाषण मोबाइलवरून फिरलं आणि गावात दोन तट पडले. एक तट म्हणतो, बघा, दुष्काळाच्या नावानं बोटं मोडत बसू नका, ज्याच्या अंगात धमक आहे तो उभा राहतोच. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड आहे वो, मागं कोणी ना कोणी काका-मामा असणारच, गरिबाच्या पोरानं कंपनी काढलेली कधी बघितलीय?

दोघंही माणसावरून भांडतायत, हिशेबाचं कोणी नावच काढत नाही. मी गेली वीस वर्षं लोकांना कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो, त्यामुळे असेल, पण भाषण ऐकताना माझं डोकं एकाच वाक्यावर अडकलं. पहिली कंपनी बंद पडली, म्हणजे कोणाचे पैसे गेले? किती गेले? ते मागायला दारात कोण आलं? पाहुणे त्या वाक्यावरून भरकन पुढे गेले आणि टाळ्या तिथेच सगळ्यांत जास्त पडल्या. माझं म्हणणं असं आहे : अडचणीतून गेलेल्या माणसाला धंद्याची नजर येते हे खरं, पण तशी नजर असलेल्या शंभर जणांतून कोणाचा धंदा उभा राहणार, हे ठरतं पहिला तोटा कोणाच्या अंगावर पडला यावरून. जिद्द लागते, कोण नाही म्हणतो? मीठही प्रत्येक भाजीत लागतंच. म्हणून एक भाजी दुसरीपेक्षा चांगली का झाली, याचं उत्तर मीठ हे होत नाही.

पहिल्या तटाचं जे खरं आहे ते आधी पदरात घालू. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, ही म्हण बाजारपेठेच्या अभ्यासालाही लागू आहे. कोईमतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम यांचे वडील अपघातात गेले, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. 1998 च्या सुमारास, लग्न नवं असताना, बायको पाळीसाठी जुन्या चिंध्या लपवून नेताना दिसली. विकतचे पॅड घेतले तर घरातलं दूध बंद करावं लागेल, हे तिचं उत्तर. हा माणूस कापसाचे पॅड करायला लागला. वापरून बघायला कोणी बाई तयार होईना, तेव्हा स्वतःच्या अंगावर बकऱ्याच्या रक्ताचा फुगा बांधून हिंडला. गावानं वाळीत टाकल्यासारखं केलं, बायको माहेरी गेली, पुढे आईही घर सोडून गेली. मोठ्या कंपन्या कापूस वापरत नाहीत, लाकडाच्या लगद्याचा तंतू वापरतात, एवढं कळायला त्याला काही वर्षं लागली. मग स्वस्त यंत्र तयार झालं, ते बचत गटांत गेलं, 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. वातानुकूलित खोलीत बसलेल्या कोणाला हा प्रश्न दिसलाच नसता. इथपर्यंत फ्लेक्सवरचं वाक्य बरोबर आहे.

आता हाच प्रश्न बीड जिल्ह्यात घेऊन या. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, ती अंगावर फेडायची. एक दिवस खाडा पडला की दंड. पालात राहायचं, आडोसा नाही, पाणी नाही, आणि पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी आहेच. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मग मला सांगा, पाळीच्या दिवसांत काय हाल होतात याचं ज्ञान या बाईपेक्षा कोईमतूरच्या त्या कारागिराला जास्त होतं? सोसण्याची ताकद त्याच्यात जास्त होती? जिद्द? संकट, नजर, चिकाटी, तिन्ही गोष्टी तिच्याकडे त्याच्यापेक्षा काकणभर जास्तच आहेत. मग यंत्र तिनं का केलं नाही? त्याची बायको गेली, आई गेली, अब्रू गेली. पण हातातलं वेल्डिंगचं काम गेलं नाही. फसलेल्या प्रत्येक पॅडमागे पुढचा पॅड करायला दुसरा दिवस होता. हिचा दिवस मुकादमाकडे गहाण आहे. तिनं प्रयोगासाठी एक दिवस घेतला तर त्या दिवसाचा दंड उचलीत चढतो, आणि उचल पुढच्या हंगामावर जाते.

तुळजापूरला जाऊन बघा. नवस फेडायला आलेली माणसं दिसतात. नवस न पावलेला माणूस तिथे येतच नाही, मग त्याची मोजदाद कोण करणार? मेळाव्यांच्या व्यासपीठांचंही तेच आहे. आणि या मोजदादीतली चूक मराठवाड्यात तर उघडी पडायला हवी. संकटातून उद्योग जन्मत असते तर निजामी राजवटीतून 17 सप्टेंबर 1948 ला सुटलेला, 1972 चा दुष्काळ पाहिलेला, 1993 ला किल्लारीत एका पहाटे दबलेला हा प्रदेश आज महाराष्ट्राला कर्ज देत असता. संकटांचा साठा आमच्याइतका कोणाकडे आहे? प्रादेशिक असमतोल मोजायला नेमलेल्या दांडेकर समितीनं 1984 मध्ये अनुशेष मोजला तो रस्त्यांचा, सिंचनाचा, विजेचा. जिद्दीचा अनुशेष आहे, असं काही तिला आढळलं नव्हतं.

एवढं वाचून दुसरा तट खूश झाला असेल. त्यांनी इतक्यात खूश होऊ नये. मागे काका-मामा असतात हे त्यांचं निरीक्षण बरोबर, त्यातून काढलेला अर्थ चूक. पाठीशी कोणी असणं म्हणजे श्रीमंत असणं, असं त्यांनी धरून ठेवलंय. गिरगावातल्या सात बायकांनी 1959 मध्ये गच्चीवर पापड लाटायला घेतले ते 80 रुपये उसने घेऊन. त्याचं लिज्जत झालं. त्या सात जणींत कोणी जमीनदार नव्हती. पण 80 रुपये देणारा ओळखीचा होता, तोटा सात जणींत वाटला जाणार होता, आणि पापड विकला गेला नसता तर घरी खाल्ला गेला असता. प्रयोगाचा आकारच असा होता की तो फसला तरी कोणी रस्त्यावर येणार नव्हतं. ही श्रीमंती नव्हे, ही रचना आहे. आणि रचना उभी करता येते, म्हणून दुसऱ्या तटाचा हताशपणा मला पहिल्या तटाच्या टाळ्यांइतकाच खोटा वाटतो.

आपण सांगतो त्या जुन्या गोष्टीही नीट सांगत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत डावलून बढती दुसऱ्याला दिली, तो अपमान गिळून ते बेळगावला आले, सायकली विकल्या, लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे कारखान्याची जागाही गेली. शाळेतल्या गोष्टीत इथून थेट किर्लोस्करवाडी येते. मधलं एक पान गळतं : औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळची माळरान जमीन दिली, वर कर्ज दिलं. 1910 ची गोष्ट. नांगर खपले नसते तर बुडणारा पैसा आणि पडून राहणारा माळ, दोन्ही संस्थानाचे होते. लक्ष्मणरावांचं कर्तृत्व यानं तसूभर कमी होत नाही. उलट, त्यांच्यासारखी किती माणसं औंधचा राजा न भेटल्यामुळे कायमची मास्तरकी करत राहिली असतील, हा प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न आपल्याला नको असतो.

घरचं उदाहरण जालन्याचं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाण्याची कंपनी काढली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सुरुवात झाली भेंडीपासून. दिल्लीच्या कृषी प्रदर्शनात त्यांनी ‘पुसा सावनी’ नावाचा वाण पाहिला, पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारा. तो रोग काय करतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, त्यामुळे नजर त्यांची स्वतःची. पण वाण दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेचा होता. तो तयार होईपर्यंत किती संकर फसले असतील, किती हंगाम वाया गेले असतील, त्याचं बिल जालन्याला आलं नाही, देशानं भरलं. मग बारवाल्यांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना बीजोत्पादनात ओढलं आणि आज जालन्याचं नाव स्टीलइतकंच बियाण्याशीही जोडलेलं आहे. एका माणसाच्या धडाडीची ही गोष्ट आहेच. पण कोणी आधीच सोसून ठेवलेल्या तोट्यावर उभं राहून ती धडाडी कामाला आली.

‘संकट हेच भांडवल’ हे वाक्य लातुरात एकदा अक्षरशः खरं झालं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. 2016 चा उन्हाळा. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. पहिल्या खेपेला 5 लाख लिटर, पुढे एका गाडीला 25 लाख. त्या तीन-चार महिन्यांत शहरात एक धंदा असा फोफावला की काय सांगू. टँकर, जार, आरओचे प्लांट. आज त्यातले काही जण प्रतिष्ठित उद्योजक आहेत, मेळाव्यांत सत्कार होतात. त्यांच्यावर माझा राग नाही, पाणी दिलंच त्यांनी. पण संकटाचं भांडवल कोणाचं झालं? ज्याच्या बोअरला पाणी होतं त्याचं. रात्री दोन वाजता घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला पाण्याच्या टंचाईचं ज्ञान टँकरवाल्यापेक्षा कमी होतं, असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

आणि धाडसाचंच म्हणाल तर दरवर्षी मृगाच्या तोंडावर मराठवाड्यात लाखो घरं असा डाव लावतात की स्टार्टअपवाल्यांना घाम फुटावा. बियाणं उधार, खत उधार, पाऊस बेभरवशाचा, भाव दुसऱ्याच्या हातात. पाऊस ओढ देतो, दुबार पेरणी होते, पुन्हा उधारी. गुंतवणूकदार ज्याला जोखीम घेण्याची तयारी म्हणतात ती याहून काय वेगळी असते? फरक एका कायद्याचा आहे. कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ असतं. कंपनी बुडाली तर भागधारकाचं घातलेलं भांडवल जातं, राहतं घर जात नाही. ही सोय इंग्लंडनं 1855 च्या कायद्यानं दिली तेव्हा तिथेही ओरड झालीच होती की आता लोक बेफाम सट्टा खेळतील, देणी बुडवतील. तरीही ती दिली, कारण बुडण्याला तळ असल्याशिवाय माणूस उडी मारत नाही. आमच्या शेतकऱ्याच्या बुडण्याला तळ नाही. कर्ज सातबाऱ्यावर चढतं, बाप गेला तरी सातबाऱ्यावरून उतरत नाही.

आपल्याकडे 2016 मध्ये नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली. छत्रपती संभाजीनगरजवळ ज्याचे कारखाने होते तो व्हिडिओकॉन समूह 2018 मध्ये तिच्याखाली गेला. मान्य झालेले दावे 65 हजार कोटींच्या घरातले, आणि जून 2021 मध्ये न्यायाधिकरणानं मंजूर केलेली योजना 3 हजार कोटींच्याही आतली. पुढे अपिलात ती मंजुरी रद्द झाली, तो भाग वेगळा. याच संहितेत व्यक्तींच्या दिवाळखोरीचाही विभाग आहे. पण 2019 च्या डिसेंबरात तो लागू केला तो कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्या माणसांपुरता. निलंग्याच्या किराणा दुकानदाराला त्यात शिरायला दार ठेवलं नाही. देहूच्या एका वाण्याचं दुष्काळात दिवाळं निघालं तेव्हा त्यानं भावाचा वाटा भावाला देऊन आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, हे आपण चारशे वर्षं भक्तीनं सांगतो. भक्तीनंच सांगतो. त्या कर्जखतांवर ज्यांची नावं होती त्यांच्या घरी त्या रात्री काय वाटलं असेल, याचा विचार करत नाही.

इथे सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो मी बँकेतल्या साहेबांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलाय. तोटा दुसऱ्यानं सोसायचा म्हटलं की फेडणार कोण? हा आक्षेप पोकळ नाही. माफीची वाट बघत चांगल्या पिकातही हप्ता थांबवणारे मी पाहिलेत. अनुदानासाठी कागदावर उभे राहिलेले कारखाने पाहिलेत. कोटेशन एका दुकानाचं, मशीन कुठंच नाही. सुरुवातीच्या काळात तसा एक रिपोर्ट माझ्याही हातून गेलाय, त्याची लाज अजून आहे. पण जरा बघा, आत्ताच्या योजना तोटा कोणाच्या अंगावर ठेवतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्वतःचा हिस्सा 10 टक्के, राखीव गट आणि महिलांना 5. ग्रामीण भागात अनुदान 25 किंवा 35 टक्के. ऐकायला उत्तम. पण ते अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं, धंदा चालू राहिला तरच कर्जात वळतं होतं. म्हणजे बक्षीस न बुडणाऱ्याला. विनातारण कर्जासाठी 2000 पासून हमी निधी आहे, तोही बँकेचा तोटा भरून देण्यासाठी. कर्जदाराची देणेदारी तशीच राहते. मग सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होते आणि पुढची सगळी दारं बंद. पुण्याच्या पाहुण्यांची दुसरी कंपनी आमच्याकडे काढताच आली नसती, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. फसवणाऱ्याला शिक्षा आणि फसलेल्याला दुसरी संधी, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. कंपन्यांच्या बाबतीत ठेवतोच ना आपण?

तसं घडलेलं मराठवाड्यातही आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर घरं दुरुस्त करण्याचं काम सुरू झालं तेव्हा लातूर-धाराशिवच्या गावांत बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. ओळंब्यात भिंत आहे का बघायच्या, गवंड्याला जाब विचारायच्या. त्या कामातून पुढे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था झाली, बचत गट झाले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यातल्याच काही जणी चुली, सौरदिवे विकणाऱ्या उद्योजिका झाल्या. भूकंपानं त्यांना उद्योजिका केलं, असं म्हणायला छान वाटतं. भूकंपानं त्यांची माणसं मारली. उद्योजिका केलं ते भूकंपानंतर विस्कटू न दिलेल्या गटांनी, जिथे एकीचा हप्ता चुकला तर त्या महिन्यापुरता बाकीच्या भरत.

मेळाव्यानंतर आठवड्यानं निलंगा तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. बोरसुरीच्या तुरीची डाळ तिकडे नावाजलेली, त्याला मिनी दाल मिल टाकायची आहे. वडील काही वर्षांपूर्वी फवारणीचं औषध प्यायले. प्रवर्तकाच्या माहितीत त्यानं त्यावर पानभर लिहून आणलं होतं, कारण मेळाव्यात सांगितलेलं, तुमची कहाणी हाच तुमचा ब्रँड. “काका, हे ठेवू का काढू?” मी म्हटलं, ते राहू दे बाजूला, मशीन सहा महिने बंद पडलं तर हप्ता कोण भरेल? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामा म्हणलाय, दोन म्हशी हायेत, दर दहा दिवसाला दुधाचं बिल येतंय, वर्षभर तुझ्या खात्यावर वळवतो म्हणून.” सगळ्या रिपोर्टमध्ये कामाचं वाक्य तेवढंच होतं आणि त्याला रकाना नव्हता. मी ते ‘इतर’ खाली टाईप केलं. परवा बँकेतून फोन आला. “हे मामांचं काय लिहिलंय तुम्ही? जामीनदार आहेत का?”

“नाही साहेब,” म्हटलं, “मामा आहेत.”